येताना एक फांदी आण

चाकणला कंपन्यांच्या बसगाड्या जिथे शिफ्ट सोडून थांबतात, त्या मोकळ्या जागेच्या कडेला एक बोरीचं झाड आहे. झाडाखाली चहाची टपरी आणि टपरीपुढे एक लाकडी बाकडं. बाकड्याचा एक पाय तुटका, खाली वीट लावलेली. माझा भाऊ अण्णा बावीस वर्षं कंपनीची बस चालवायचा. सकाळी सातची माणसं आत सोडली की तीन वाजता ती बाहेर पडेपर्यंत ह्याच बाकड्यावर पेपर वाचत बसायचा. ह्याच बाकड्यावर तो गेला. कसा, कशाने, हे मी कुणाला विचारलेलं नाही. कुणी सांगायला लागलंच तर मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाते.

चार वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. मागच्या आठवड्यात गोरखभाऊंचा फोन आला. ते अण्णाच्या बरोबरीचे ड्रायव्हर, मूळचे चाकणजवळच्या कुरुळी गावचे. "ताई, रस्ता रुंद व्हतोय. टपरी उठतीय. सोमवारी बोर बी तोडनार हायेत. म्हटलं तुमाला सांगावं." मी म्हटलं, बघून काय करू आता? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटणीहून निघाले.

जानेवारी, त्यामुळे झाड नुसतं लगडलेलं. ट्रकच्या धुळीने पांढरी पडलेली बोरं बाकड्यावर, चहाच्या कळकट किटलीपाशी, बसच्या चाकाखाली. डिझेलचा वास, आल्याच्या चहाचा वास आणि त्या दोन्हींच्या खालून येणारा पिकल्या बोरांचा आंबूस गोड वास. मी बाकड्याच्या टोकाला बसले. मधोमध बसवेना. मधली जागा त्याची.

आम्ही लहान असताना रहाटणी म्हणजे खेडं होतं, हे आता सांगितलं तर माझीच पोरं हसतात. वडील बीडकडून आलेले, पिंपरीच्या कारखान्यात लेथवर. त्यांच्या खाकी शर्टाला कापायच्या तेलाचा वास असायचा, आणि कितीही धुतला तरी आईच्या हातालाही तो यायचा. भोंगा झाला की आई तवा टाकायची. खोलीच्या मागे ज्वारीचं रान, बांधाला बोरी. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो वर चढून फांदी हलवायचा, मी खाली फ्रॉकची झोळी करून उभी. काटा रुतला की तो सेफ्टी पिनेने काढायचा आणि वर म्हणायचा, "रडतेस काय, म्हशे? बोरीचा काटा आहे, दुहेरी असतो. एक सरळ, एक वाकडा. एकातून सुटलीस तर दुसऱ्यात अडकशील." सगळ्या जगाने मला ताई, मावशी, मॅडम म्हटलं. म्हस म्हणणारा एकच.

त्याची अजून एक खोड होती. सायकलवरून कुठूनही आला की दारातूनच ओरडायचा, "पोचलो!" आणि आई आतून म्हणायची, "बरं, आता जेव." शाळेतून आला तरी पोचलो, औंधहून आला तरी पोचलो. आई गेल्यावर मी लग्न होऊन गल्लीपलीकडेच राहायला होते, तर हा शिफ्ट संपवून घरी आला की मला फोन करायचा. पुढे मेसेज. रोज पाचच्या सुमाराला एक शब्द, पोचलो. मी लिहायची, बरं, आता जेव. बायको समोर ताट घेऊन उभी असताना हा बहिणीची परवानगी मिळाल्यावर जेवायचा. वहिनीने ते कसं सोसलं देव जाणे.

मग आमच्या ह्यांना कंपनीने दीड वर्षासाठी डर्बनजवळच्या कारखान्यात पाठवलं. नवी लाइन बसवायची होती. मीही गेले. परत यायच्या आधी दोन आठवडे सुट्टी मिळाली तेव्हा अण्णाने फोनवरच फर्मान काढलं, की विमानात बसून थेट घरी यायचं नाही, गाडीने तो मुलूख बघून यायचं. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला दक्षिण आफ्रिकेचा कापडी पाठीचा नकाशा मिळाला होता. तो त्याने भिंतीवर ठोकला आणि लाल बॉलपेनने रस्ता आखला. म्हणाला, "माझा रस्ता म्हणजे रहाटणी ते चाकण, चाकण ते रहाटणी. ट्रॅफिक धरून. तू बघ, आणि मला सांग. वळण कसलं, चढ किती, लोक कशात राहतात, काय खातात. नुसते फोटो नकोत. मला बसल्या जागी तिथे पोचवायचं."

आणि मी पोचवलं. त्या चौदा दिवसांत मी आयुष्यात लिहिलं नसेल एवढं लिहिलं. आमची गाडी चालवायला ह्यांच्या कारखान्यातला म्दुदुझी नावाचा साठीचा झुलू माणूस होता. ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा मदूभाऊ केला. तो मला 'ममा' म्हणायचा, त्यांच्याकडे बाईमाणसाला मानाने तसं म्हणतात. मी दर शंभर किलोमीटरला चहा मागते म्हणून त्याने पुढे पुढे थर्मासच ठेवला.

डोंगरातल्या कपारींतली चित्रं आधी बघितली. गेरूसारख्या रंगातली हरणं, आणि त्यांच्यामागे धावणारी काडीसारखी माणसं. कुणाचं डोकं माणसाचं तर पाय हरणाचे. तिथे इतकी शांतता होती, की हे सुद्धा चप्पल काढून उभे राहिले. मग लेसोथो ह्या डोंगरी देशाचा घाट. तो चढताना मी डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं आणि अण्णाला लिहिलं, तुझी बस इथे आणलीस तर दोन वळणांत तुझी मिशी पांढरी होईल. वर थंडी. घोड्यावरून येणारी, अंगभर लोकरी पांघरूण घेऊन त्याला छातीशी भलीमोठी पिन लावलेली माणसं. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, अगदी आपल्यासारखा. एका बाईने मला तिचं पांघरूण गुंडाळलं, टोपी घातली, आणि ह्यांनी फोटो काढला. मी तोंड उघडून हसतेय त्यात.

तो पाचवा दिवस. फोटोवर वेळ आहे. तिकडचे साडेअकरा, म्हणजे आपल्याकडचे तीन. मी तो फोटो पुसूही शकत नाही आणि बघूही शकत नाही.

पुढे रंगवलेल्या भिंतींची घरं आली. निळे-पिवळे त्रिकोण, काळ्या रेघा. एक म्हातारी हातात कोंबडीचं पीस घेऊन रेघ ओढत होती. हे जवळ जाऊन बघतात तो काय, "पट्टी नाही, टेप नाही, आणि रेघ बघ! आमच्या पेंट शॉपला पाठवायला पाहिजे हिला." मग स्वाझी लोकांची गवताची गोल घरं. दार इतकं बुटकं, की वाकूनच आत जायचं. मदूभाऊ म्हणाला, आत शिरणाऱ्याने आधी नमस्कार केलाच पाहिजे अशी सोय आहे ती. आत मातीने सारवलेली जमीन, गवताचा उबदार वास, आणि मागच्या बाजूला पूर्वजांसाठी राखलेली जागा. तिथे कुणी बसत नाही. मी सगळं लिहिलं. अण्णाला फोन लावला तर वहिनी उचलायची. "गाडीवर आहेत, वन्सं. तुमी लिहा ना, आले की वाचतेत." आणि वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या. उत्तरंही यायची. छान, म्हशे, पुढे? रस्ता कसा होता, म्हशे? थंडीत शाल घे, म्हशे. एका गावात मी तिथल्या बायकांबरोबर फेर धरून नाचले, त्याचा व्हिडिओ पाठवला, तर आलं, नाच, म्हशे, नाच.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही. पाचव्या दिवसापासून 'पोचलो' आलं नव्हतं. एकदाही नाही.

तेराव्या दिवशी आम्ही झुलू मुलखात होतो. रस्त्याकडेला लाल माती, उसाचे मळे, आणि एका वळणावर मी ओरडले, "थांबा, थांबा, बोर!" मदूभाऊला वाटलं जनावर आडवं आलं. मी उतरून झाडापाशी गेले. अगदी तसंच पान, तसाच दुहेरी काटा, एक सरळ, एक वाकडा. मदूभाऊ गाडीतून उतरला, पण हसला नाही. त्याने टोपी काढली. म्हणाला, "ममा, ह्या झाडाने आम्ही माणसं घरी आणतो."

त्याचा थोरला भाऊ जोहान्सबर्गकडे खाणीत कामाला होता आणि तिकडेच गेला. देह आला, पुरला. पण त्यांच्यात म्हणतात, की माणूस जिथे पडला तिथेच अडकून राहतो, त्याला कुणी न्यायला आलं नाही तर तो तिथेच वाट बघतो. म्हणून घरातलं माणूस ह्या झाडाची फांदी घेऊन त्या जागी जातं. त्याला नावाने हाक मारतं. सांगतं, मी आलोय, चल घरी. आणि मग परतीच्या वाटेवर फांदी आणणाऱ्याने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी. आता नदी ओलांडतोय. आता वळतोय. आता अमुक गाव आलं. नाहीतर तो वाट चुकेल. "मी टॅक्सीत त्याच्यासाठी वेगळी सीट घेतली," मदूभाऊ म्हणाला. "दिवसभराचा रस्ता. सगळा रस्ता मी त्याला सांगत आलो. तोपर्यंत मला माहीत नव्हतं, की मला तो रस्ता इतका पाठ आहे."

मी हे सगळं तिथेच उभं राहून अण्णाला लिहिलं. झाडाचा फोटो पाठवला. चाकणच्या तुझ्या बोरीची बहीण भेटली बघ, म्हटलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र फार उशिरा आलं, आम्ही पुढच्या गावात जेवायला बसलो होतो तेव्हा. येताना एक फांदी आण.

मी लिहिलं, वेड्या, विमानात काटे कोण नेऊ देतंय! पुढे हसणारे तीन चेहरे.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी डर्बनला पोचलो. सवयीने लिहिलं, पोचले. लगेच फोन वाजला. वहिनी. "वन्सं, आज दहावा झाला."

मी म्हटलं, "कुणाचा?"

नातेवाइकांनी ठरवलं होतं म्हणे. विमानाचं जमून, पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जाणार, तोवर सगळं उरकलेलं असणार, मग कशाला परक्या मुलखात पोरीचा जीव टांगणीला लावायचा? आपल्याकडे हे असं करतात. मीही केलंय, दुसऱ्यांच्या बाबतीत, आणि मोठं शहाणपण केलं असं वाटून घेतलंय. ते मी गिळलं असतं. पण दहा दिवस माझ्या भावाच्या नावाने मला म्हस म्हणायचं? मी परत आले ती तडक गेले आणि म्हटलं, "वहिनी, सुतकात मला नाचायला लावलंत. वर नाच, म्हशे, नाच म्हणून लिहिलंत. तुमची जीभ कशी झडली नाही?" ती भिंतीवरच्या नकाशाखाली बसली होती. त्यानंतर चार वर्षं आम्ही लग्नकार्यात समोरासमोरच्या रांगेत बसलो आणि एकमेकींना लाडू वाढले, तेवढंच.

आता त्या बाकड्यावर बसून मी ते दहा दिवसांचं बोलणं परत उघडलं. किती वेळा वाचलंय मी ते! रागाने वाचलं, रडून वाचलं. प्रत्येक ओळीत म्हस शोधायची आणि पेटून उठायची, हा माझा उद्योग. वरून एक बोर पडलं आणि फोनवर आपटलं. मी ते बाजूला केलं तर खाली ती ओळ होती. येताना एक फांदी आण. आणि मला दिसलं, की ह्या ओळीत म्हस नाही.

अगं बाई.

इतर सगळं तिने त्याच्यासारखं लिहिलं होतं. हे तिने स्वतःचं लिहिलं होतं. अण्णा जाऊन नववा दिवस होता तो. घर पाहुण्यांनी भरलेलं. आणि माझी वहिनी त्याचा फोन हातात धरून माझ्याकडे मागत होती, की मला ह्यांना घरी आणायचंय, फांदी आण. मी तिला तीन हसणारे चेहरे पाठवले होते.

मला तिथे इतकं रडू आलं, की टपरीवाल्याने न मागता चहा दिला.

त्याच दुपारी वहिनीकडे गेले. ती शेंगा निवडत होती. मला दारात बघून उठलीच नाही, घाबरली. मी फोन पुढे केला आणि ती ओळ दाखवली. "हे तुम्ही होतात ना?"

तिने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "मग काय सगळं मीच होते की, वन्सं."

"का लिहीत होतात?"

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी तुमचा तो पांघरुणातला फोटो आला. घरात समद्या बाया रडायल्या होत्या. आणि ह्यांचा फोन वाजला. तुमी लिहिलं होतं, जेवलास का? मला काय वाटलं सांगू? अख्ख्या जगात एकच माणूस असं होतं, की ज्याच्यासाठी हे अजून जेवायचे होते. मी लिहिलं, जेवलो, म्हशे. मग मला सुटंना. तुमी रस्ता सांगायच्या, मी नकाशावर बोट ठेवायचे. तेवढे दहा दिवस आमी दोघं तुमच्यासंगं हिंडलो, माय. चुकलं माझं."

"चुकलं माझंच," मी म्हटलं. आणि चार वर्षांनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिच्या पदराला शेंगांच्या मातीचा वास होता.

फांदीचं काढलं तर आधी तिने तोंडावर हात नेला. "दहावा झालेल्या माणसाला घरात आणायचं? लोक काय म्हणतील?" मग आत गेली आणि भाजी चिरायची विळी घेऊन आली.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी चाकणला. गोरखभाऊंनी फांदी वाकवून धरली, वहिनीने कापली. पदरात धरली तसे काटे पदरात रुतले. बाकड्यापुढे उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नावाने हाक मारायची असते."

"अगं बया! नाव?" बत्तीस वर्षांच्या संसारात तिने नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. ती लाजली. खरंच लाजली, पंचावन्न वर्षांची बाई. मग बाकड्याच्या मधल्या जागेकडे बघून हळूच म्हणाली, "अहो दत्तात्रय. चला."

गोरखभाऊ टोपीने डोळे पुसत बसमध्ये चढले. तीनची शिफ्ट सुटली होती. त्यांनी पुढची सीट आमच्यासाठी राखली होती, आणि तिच्याशेजारची खिडकीची सीटही. एक पोरगेला कामगार दमून आला आणि खिडकीच्या सीटकडे बघून म्हणाला, "काका, ही रिकामी आहे ना?" गोरखभाऊंनी गिअर टाकला. "न्हाई. मानूस हाय."

बस निघाली. वहिनी गप्प. कुरुळी गेली, चिंबळी गेली, ती गप्पच. माझ्या जिभेवर येत होतं, सांगा ना त्याला, चुकेल ना तो! पण फांदी तिच्या हातात होती. माझी बोलायची पाळी चार वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. इंद्रायणीचा पूल आला तेव्हा ती खिडकीकडे वळली. "अहो, नदी आली बगा." आवाज फाटला, पण निघाला. "ही मोशी. आता भोसरी येईल, तिथं गर्दी असती, माहीतच आहे तुमाला. हा नाशिक फाटा. आता वळायलो आपण. ही पवना. पाणी कमीच आहे ह्या वर्षी. पिंपळे सौदागर. हितं नवी बिल्डिंग झाली, तुमी बघितली नव्हती." मागे अर्धी बस झोपली होती. जागे होते ते ऐकत होते आणि कुणी हसलं नाही. तिलाही तो रस्ता पाठ होता. बावीस वर्षं तो संध्याकाळी जेवताना तिला रस्ताच तर सांगायचा.

रहाटणीला दारात ती थांबली. "घर आलं. चला आत." फांदी तिने नकाशाला अडकवली, लाल रेघ जिथे संपत होती तिथेच. मी चहा घेतला नाही. म्हटलं, तुम्ही बसा दोघं. आणि चालत घरी आले.

कुलूप काढत होते तेव्हा फोन वाजला. अण्णाच्या नंबरवरून.

पोचलो, म्हशे.

मी दारातच उभी राहिले. मग चष्मा पुसला आणि लिहिलं, बरं. आता जेव.